पाचवा तवा फुटला होता

तेव्हा जे होते त्याईचे नावं पहिले लिहून ठेवते, नाहीतर मंग एखादं राहून जाते. माझे बाबा, गोविंदा. माझी माय, अनुसया. बाबाची मोठी बहीण, तिले आम्ही आत्याबाई म्हणो, ती नवरा गेल्यावर आमच्याच घरी राहे. मी शेवंता, चौदा-पंधराची असन. बाबाच्या कामावरचा जोडीदार इतवारी, तो इकडचाच, छत्तीसगडी. अन् सेक्टरात, म्हणजे कारखान्याच्या वसाहतीत, क्वार्टरात राहणारी रशियन बाई लिदा, अन् तिचा नवरा, त्याले सगळे बडे साहेब म्हणत. इतकेच. यातलं माझ्याशिवाय आता कोणी उरलं नाही. लिदाबाईचं मले माहीत नाही, पण असती तं शंभराच्या घरात असती, म्हणून तिलेही मी गेलेल्यातच धरते.

आम्ही भंडाऱ्याकडचे. भिलाईत रशियन लोकाईच्या मदतीनं लोखंडाचा कारखाना बांधून राहिले, हाताले काम भेटते, म्हणून बाबा आधी आले अन् मंग आमाले आणलं. कॅम्पात टिनाच्या खोल्या होत्या, एका ओळीत वीस-वीस. दोन घराच्या मधात एकच टिन. शेजारचा माणूस खोकलला तं आपल्या घरातल्या चिमणीची वात हाले. मायनं लाखोळीच्या डाळीले फोडणी दिली का पलीकडून आवाज ये, "अनुसयाबाई, आज लसूण जास्त पडला व." भांडण असो का रडणं, वीस घराईचं सामायिक होतं. दिवसा टिन असं तापे का आत्याबाई म्हणे, पोळ्या भिंतीवरच लाव, सिगडी कायले पेटवतं. रात्रीचा उरलेला भात पाण्यात घालून ठेवाचा अन् सकाळी मीठ-कांद्यासंगं खाचा, हे इकडचं खाणं आम्ही पहिल्याच उन्हाळ्यात शिकलो. त्यालेच बासी म्हणतात. बाबा तेच खाऊन कामावर जात.

बाबाचं सुरुवातीचं काम आत बसाचं होतं. मोठमोठ्या लोखंडी टाक्या उभ्या करून राहिले होते, झाडाहून उंच. पत्र्याले पत्रा जोडाले लाल तापवलेला रिवेट, म्हणजे लोखंडाचा जाड खिळा, भोकात घालत. बाहेरून दोघं जण त्याले हातोड्यानं बडवत, अन् आतून एका माणसानं लोखंडाचा वजनी ठोकळा रिवेटच्या डोक्याले दाबून धरून बसाचं. तो आतला माणूस म्हणजे बाबा. घंटेच्या आत माणूस बसवाचा अन् बाहेरून घंटा वाजवाची, तसं समजा. दोन वर्षं त्याईनं ते केलं, कानात कापसाचे बोळे घालून. मंग त्याईले खलाशी केलं. क्रेनच्या हुकाले माल बांधाचा, सोडाचा. घरी चहात दूध आलं. खलाशाचं सगळं काम शिट्टीवर चाले. एक शिट्टी म्हणजे उचल, दोन म्हणजे थांब, अन् लांब शिट्टी म्हणजे खालून हटा.

गावाकडे बाबा मृदंग वाजवत. कॅम्पातही शनिवारी सांजच्याले मारुतीच्या ओट्यावर भजन होये, तिथं मृदंग बाबाचाच. पण त्या वर्षी लोकं कुरकुरून राहिले होते. बाबा जोरात वाजवत, गाणारा दिसे पण त्याचे शब्द मृदंगाखाली जात. टाळवाला एक दिवस म्हणे, "गोविंदाभाऊ, भजन होय हे, वरात नाही." बाबा हासले. मले वाटलं, माह्या बापाले खलाशी झाल्याचा माज आला. असं वाटल्याची मले अजून लाज वाटते.

मी लिदाबाईच्या घरी कामाले जाये. भांडे, झाडू, कपडे. आत्याबाईले ते पसंत नव्हतं. "ते रक्ताचा रस्सा पितात म्हणते. पोरगी उद्या तेच मांगन." तो रस्सा लाल बीटाचा होता, मी चार वेळा सांगतलं, पण आत्याबाई म्हणे, "लाल तं लालच ना व." लिदाबाई उंच होती, जाड नव्हती पण हाडापेरानं मजबूत, अन् हिंदी बोले ते पुरुषासारखं बोले, "मैं आता है, मैं जाता है." मलेही हिंदी तेवढीच ये, म्हणून आमचं जमलं.

तिच्याकडे वाजवाचा डब्बा होता, चावीचा. गाण्याच्या तबकडीले तेव्हा सगळे तवाच म्हणत, मीही तेच म्हणते. तिच्याकडे एका मोठ्या वाजवण्याचे पाच तवे होते, पुस्तकासारख्या एका पुठ्ठ्याच्या पेटीत. गाणं नव्हतं ते, कोणी गात नव्हतं. नुसतं वाजवणं. ऐंशी माणसं एकाच वेळी, असं ती सांगे. पहिल्या दिवशी मले ते बाजारासारखं वाटलं. आठ-पंधरा दिवसात त्या बाजारातला एक-एक माणूस वेगळा आयकू येऊ लागला. एक हळू आवाजाचा होता, घशातून निघाल्यासारखा, तो एक गोष्ट सांगे अन् बाकीचे त्याले उत्तर देत. महिन्याभरात मी भांडे घासता घासता तेच गुणगुणून राहिली.

पण तव्याची एक बाजू चहाले उकळी येईपर्यंत संपे. लिदाबाईचे हात कणकेत असत, म्हणून तवा पलटवाचं काम माह्याकडे. आतून ती हाक मारे, "शेवंता, दूसरा!" मी राखेचे हात पदराले पुसून धावे. चावी द्याची, तवा पलटवाचा, सुई ठेवाची. तोपर्यंत जे मनात भरून आलं असे ते उतरून जाये. तो घशातला आवाज आता काही सांगणार, अन् खर्र, बाजू संपली. दर वेळी. एखाद्यानं जेवताना आठ वेळा ताटावरून उठवलं तं कसं वाटन. अन् आठच वेळा, कारण पाचवा तवा फुटला होता. येताना जहाजात फुटला. त्याचे दोन तुकडे लिदाबाईनं पेटीत तसेच ठेवले होते, फेकले नव्हते. म्हणजे चौथा तवा संपला का पुढे काही नाही. सगळे वाजवणारे वर चढून राहिले, चढून राहिले, अन् मंग खर्र खर्र.

मी एक दिवस विचारलं, "इसमें क्या है?" तिनं ते दोन तुकडे जोडून पाह्यले अन् हात वर करून तोंडानं वाजवून दाखवाले गेली. दोन क्षण झाले नाही तं हासली अन् खुर्चीवर बसली. "नहीं होता. मैं अकेला, वो अस्सी आदमी. आखिर में सब एक साथ बजाता. सब. फिर खतम."

ते "सब" माह्या डोक्यात बसलं. मले ते आयकाचं होतं. दुसरं काही मी त्या वर्षी मांगतलं नाही, ना बांगड्या ना लुगडं.

घरी मी हे बाबाले सांगे. त्याईले तव्यावरचं वाजवणं मुळीच पटत नव्हतं. "वाजवणाऱ्याले समोरच्याचं तोंड दिसलं पाहिजे. कोणाले दिसून राहिलं तुह्या डब्ब्यात? माणूस झोपला तरी ते वाजतेच."

मी म्हणो, "पण बाबा, तो थकत नाही. कालचं होतं तसंच आज वाजवते."

"तेच तं. कालचं आज कावून वाजवाचं?"

आत्याबाई म्हणे, "दोघंही बाप-लेक बह्याड आहेत. डाळ जळून राहिली तिकडं."

मी हट्टाले पेटली. लिदाबाईले विचारलं तं ती खुश झाली, बापाले आण म्हणे. एका रविवारी बाबा आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून माह्यासंगं आले. खुर्चीवर बसले नाही, खाली डब्ब्याच्या समोर मांडी घालून बसले. मी पहिला तवा लावला. ते वाजवणं हळू सुरू होये, त्या घशातल्या आवाजानं, अन् त्याच्या खाली दोन-तीन जण नुसते धरून राहत. मले तो भाग सगळ्यात आवडे. मी बाबाच्या तोंडाकडे पाहून राहिली होती, आता काय म्हणतात. बाबा फिरणाऱ्या तव्याकडे पाहून राहिले होते. थोडा वेळ गेला. मंग ते माह्याकडे वळले अन् म्हणाले, "लाव ना मंग."

मले समजलं नाही. मी म्हटलं, "बाबा, लावलं ना."

त्याईनं माह्या ओठाकडे पाह्यलं. मंग डब्ब्याकडे. मंग पुढे सगळे मिळून जोरात वाजवाले लागले तेव्हा त्याईनं मान हलवली, "हो, हो, बरं आहे." लिदाबाईनं चहा दिला, बाबा पिले, हात जोडले, आम्ही निघालो. रस्त्यानं मी मागून दोनदा हाक मारली. ते चालतच राहिले.

घरी मी मायले सांगतलं. माय भाजी निवडून राहिली होती, ती थांबली नाही. "मले माहीत आहे. दिवाळीपासून माहीत आहे." मंग म्हणे, "इतवारीले माहीत आहे. शिट्टी झाली का तो खांद्याले हात लावते. दुसऱ्या कोणाले समजलं तं खलाशीपण जाईन. तू तोंड उघडशील तं पाह्य." तेव्हा मले समजलं का माय बाबाले हाक कावून मारत नाही, कावून दर वेळी जवळ जाऊन दंडाले हात लावते. मले ते प्रेम वाटे. ते प्रेमही असन.

त्यानंतर मी डब्ब्याचा हट्ट सोडला, पण दुसराच धरला. बाबाले सांगाचं होतं का तुमचं बरोबर होतं, तव्यावर नाही, समोर वाजलं पाहिजे. अन् ते लवकर झालं पाहिजे, कारण त्याईचे कान दिवसागणिक जाऊन राहिले होते. पण समोर कोण वाजवणार, अन् कॅम्पातल्या माणसाले कोण बोलावणार.

तेच झालं. थंडी सरून राहिली होती. लिदाबाईनं सांगतलं का तिच्या मुलखातले वाजवणारे भिलाईले येऊन राहिले, रशियन लोकाईसाठी अन् आपल्या साहेबाईसाठी, क्लबाच्या हॉलात. अन् तेच वाजवणार, पाच तव्याचं. सांजच्या कार्यक्रमाले पास लागन, पास मोठ्या लोकाईले. पण दुपारी ते आधी एकदा वाजवून पाहतात, तेव्हा ती मले अन् बाबाले मागच्या बाकावर बसवू शकते. बडे साहेबाले तिनं विचारून ठेवलं होतं.

बाबाची दुसरी पाळी होती. दोन वाजता लागाची. त्याच्या आधी एक भोंगा होये, पहिला भोंगा, तो झाला का निघाचं, तेव्हा पायी वेळेवर पोचता ये. बाबा म्हणाले, "भोंगा होईपर्यंत बसतो." अन् मंग म्हणाले, "भोंगा झाला का सांगजो." त्या दिवशी पहिल्यांदा त्याईनं माह्यासमोर कबूल केलं.

ते कामाचे कपडे घालून, डब्बा घेऊनच आले. हॉलात आम्ही शेवटच्या बाकावर, झाडूवाल्या दोन बायाईच्या बाजूले. मले वाटलं होतं वाजवणारे राजासारखे असन. ते अर्ध्या बाह्याच्या शर्टात होते, घामानं चिकचिक झालेले, एकानं मानेले ओला रुमाल गुंडाळला होता. एक जण आपल्या वाद्याच्या तारा पिळून राहिला अन् तोंड वाकडं करून राहिला, त्याले आपली हवा मानवली नसन. सगळ्यात मागं तांब्याचे दोन मोठे नगारे होते. तो नगारेवाला खाली वाकून नगाऱ्याच्या चामड्याले कान लावे, बोटानं हळूच टिचकी मारे, अन् पुन्हा कान लावे. बाबानं मले कोपर मारलं. "पाह्य, तोही कान लावूनच आयकून राहिला." अन् इतक्या मोठ्यानं हासले का झाडूवाल्या बायाईनं वळून पाह्यलं.

मंग सुरू झालं. तो घशातला आवाज खरंच एका माणसाचा होता, टकल्या, चष्मेवाला, मोठ्ठं सारंगीसारखं वाद्य पायाच्या मधात धरून बसलेला. डब्ब्यातून सगळं एकाच भोकातून ये. इथं उजवीकडून कोणी बोले अन् डावीकडून कोणी हो म्हणे, अन् मधात हवा होती. जिथं माही पहिली बाजू संपे तिथं ते थांबलेच नाही. पुढे गेले. माहा हात आपोआप उचलला गेला, तवा पलटवाले. मी तो हात दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

बाबानं चपला काढून पाय फरशीवर ठेवले होते. फरशी लाकडाची होती, बाकही लाकडाचा. एक तळहात त्याईनं बाकावर उलटा ठेवला होता, मृदंगावर ठेवतात तसा, पण दाबत नव्हते. नगारेवाला हात उचले तेव्हा बाबाची मान त्याच्या आधी हाले. त्याईनं मले म्हटलं, जोरात नाही, आपल्या नेहमीच्या जुन्या आवाजात, "येऊन राहिलं."

पण पुढचा तो काडीवाला, मधात उभा राहून काडी हलवणारा, तो वाजवणाऱ्याईले नीट वाजवू देत नव्हता. थोडं वाजलं का टक टक टक. काहीतरी बोले, बोट दाखवे, पुन्हा मागून सुरू. तव्यापेक्षाही वाईट. तवा निदान चहाले उकळी येईपर्यंत तरी चाले. माह्या अंगाची आग होऊन राहिली होती. मनात म्हटलं, अरे भल्या माणसा, येवढ्या दुरून आला, एकदा तरी सरळ वाजव.

असं थांबत थांबत ते तिथं आले जिथं चौथ्या तव्याची दुसरी बाजू संपते. सगळे वर चढून राहिले होते. मले तिथपर्यंतचं पाठ होतं, अन् त्याच्या पुढचं मुळीच माहीत नव्हतं. अन् तेव्हाच भोंगा झाला.

दूर होता, वाजवण्याच्या मागं, पण भोंगा मी कुठीही ओळखला असता. मी बाबाकडे पाह्यलं. त्याईचे डोळे नगारेवाल्यावर. त्याईले समजलं नव्हतं. मले फक्त दंडाले हात लावाचा होता.

मी लावला नाही. मी मनात म्हटलं, आता पाचवा तवा आहे, येवढा होऊ दे, किती वेळ लागन, चहाले दोन उकळ्या. खोटं कावून सांगू, बाबासाठी नाही म्हटलं. माह्यासाठी म्हटलं.

अन् टक टक टक. काडीवाला थांबला. पुन्हा मागून. पुन्हा तिथंच आले, पुन्हा टक टक. चार वेळा तेच. मंग त्यानं काडी ठेवली, घड्याळ पाह्यलं, तोंड पुसलं, काहीतरी बोलला, अन् सगळे वाजवणारे उठले. कोणी सोड्याच्या बाटल्या आणल्या. ते हासून राहिले, बाटल्या फोडून राहिले. लिदाबाई पुढून वळून हातानं म्हणे, झालं, बाकीचं सांजच्याले.

बाबानं विचारलं, "झालं?"

मी म्हटलं, "झालं."

"भोंगा?"

मी म्हटलं, "आताच झाला."

त्याईनं चपला हातात घेतल्या अन् निघाले. दारातून वळून एकदा त्या नगाऱ्याकडे पाह्यलं. मंग धावतच गेले.

पुढचं मले इतवारीनं सांगतलं तसं लिहिते. बाबा पोचले तोपर्यंत पाळी सुरू झाली होती. इतवारी त्याईची वाट पाहून, एकट्यानं माल बांधून, दुसऱ्या बाजूले उभा होता. बाबाले उशीर झाला म्हणून ते आडव्या वाटेनं, हुकाच्या खालून निघाले. लोखंडी पत्रा वर लटकून होता, खाली उतरून राहिला होता. लांब शिट्टी झाली. सुपरवायझर मागून ओरडला, नाव घेऊन ओरडला. वीस माणसं ओरडले. बाबा आपले चालून राहिले, डब्बा हलवत. क्रेनवाल्यानं कसा थांबवला त्यालेच माहीत. इतवारी पाळी अर्धी सोडून सांजच्याले आमच्या दारात आला. मायले म्हणे, "भौजी, मुड़ी के उप्पर एक हाथ मा रुकिस." डोक्याच्या वर एक हातावर पत्रा थांबला.

मायनं त्याले पाणी दिलं. विचारलं, "तू कावून नव्हता जवळ?" तो म्हणे, "वो देरी से आइस, भौजी." माय माह्याकडे वळली नाही. तिले काय माहीत.

त्याच दिवशी बाबाले दवाखान्यात नेलं. डॉक्टर पाठीमागं उभा राहून त्याईचं नाव घेत राहिला, हळू, मंग जोरात, मंग आणखी जोरात. बाबा भिंतीवरच्या कागदाकडे पाहून बसले होते. दुसऱ्या दिवसापासून त्याईले झाडाईले पाणी देणाऱ्या गँगात टाकलं. सेक्टराच्या रस्त्यानं तेव्हा नुसते रोपटे होते, कुंपणात. बाबा निवृत्त होईपर्यंत त्याच कामात राहिले. आत्याबाई म्हणे, "जीव वाचला ना, मंग कायले तोंड पाडून बसता." तिचं खरं होतं. पण शनिवारी बाबा ओट्यावर गेले नाही. टाळवाल्यानं स्वतः घरी येऊन सांगतलं, चला, कसंही वाजवा. बाबानं त्याच्या ओठावरून ओळखलं अन् मान हलवली. मृदंग टिनाले टांगून राह्यला, नंतर उंदराईनं चामडं कुरतडलं.

लिदाबाई दुसऱ्या दिवशी रागावली. "तुम कल शाम क्यों नहीं आया?" तिनं हॉलाच्या मागच्या दारावरच्या माणसाले सांगून ठेवलं होतं, ही पोरगी अन् हिचा बाप आला तं दारात उभं राहू दे. शेवटपर्यंत वाजवलं म्हणे, न थांबता, फार चांगलं वाजवलं. मी भांडे घासत राहिली. सांजच्याले ते तसंही भेटणार होतं. दुपारी एक हात लावला असता तं बाबा वेळेवर गेले असते, अन् मी सांजच्याले दारात उभी राहून सगळं आयकलं असतं. हे मी तिले सांगू शकली नाही, तेवढी हिंदी मले ये नव्हती. वर्षभरात ते लोकं आपल्या देशाले परत गेले. तवे ती घेऊन गेली, तुकडेही.

आता मी भिलाईतल्याच हुडको वसाहतीत पोराच्या घरी राहते. नातीच्या फोनात जगातलं सगळं वाजते. ती म्हणते, "आजी, नाम तो बता ना, बिना नाम के कैसे ढूँढूँ?" नाव मले माहीत नाही. लिदाबाईनं सांगतलं असन, माह्या जिभेवर बसलं नाही. मी गुणगुणून दाखवते, तं नात म्हणते, सगळे असेच लागतात. तिनं आठ-दहा लावून पाह्यले. मी दर वेळी म्हणते, नाही, हे नाही. अन् मधातच साबणाची जाहिरात येते. नात विचारते, "इतकं काय आहे त्यात?" मी म्हणते, जाऊ दे, तुहा अभ्यास कर.

एक गोष्ट मात्र मले सगळ्यात जास्त टोचते. त्या दिवशी रात्री जेवताना बाबा मायले म्हणाले, "भोंगा झाल्याबरोबर निघालो मी. शेवंतानं लगेच सांगतलं. तरी पोचलो नाही. माहे पाय जड झाले व आता." अन् ते आपले पाय दाबून राहिले. त्यानंतर कितीतरी वर्षं ते रस्त्यानं चालताना थांबत अन् पायाकडे पाहत. पाय चांगले होते त्याईचे.

मले सांगाचं होतं. किती वेळा मी जवळ जाऊन बसली. पण त्याईले हळू आयकू ये नव्हतं, अन् ओरडून सांगावं तं मधात एकच टिन. ओठावरून तेवढं मोठं समजलं नसतं. चिठ्ठी लिहावी तं त्याईले वाचता ये नव्हतं. मले तिसरीपर्यंत येते तेवढं लिहिता ये, पण काय कामाचं. मंग माहं लग्न झालं, मंग ते गेले. म्हणून आता इथं लिहिलं.

हे जो कोणी वाचन त्याले माही एकच विनंती आहे. तुमच्या घरी कोणाले कमी आयकू येत असन, अन् तुमाले आयकू आलेलं त्याईले आलं नसन, तं तेव्हाच हात लावून सांगून द्या. बसाचं का उठाचं, ते त्याईले ठरवू द्या.